७२४ गाठायचे कसे? आकड्यांच्या क्विझ शोची आतली गोष्ट

आधी सहा प्रश्न. आजच्या खानदेशात जिल्हे किती? धुळे जिल्ह्यात तालुके किती? नंदुरबारमध्ये किती? जळगावात किती? सातपुड्याच्या नावातच कोणता आकडा बसलाय? आणि फैजपूरला भरलेलं काँग्रेसचं अधिवेशन कितवं होतं?

उत्तरं अनुक्रमे ३, ४, ६, १५, ७ आणि ५०. मालेगाव-सटाण्याकडची मंडळी म्हणतील, आम्हालाही खानदेशात धरा. बोलीच्या आणि सोयरिकीच्या हिशेबाने त्यांचं खरं आहे, पण इथे जळगाव, धुळे, नंदुरबार एवढंच धरू. आता खेळाचा दुसरा भाग. हेच सहा आकडे, प्रत्येक जास्तीत जास्त एकदा वापरायचा, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार यातलं काहीही करायचं आणि तापीची लांबी काढून दाखवायची. ७२४ किलोमीटर. वेळ ३० सेकंद.

सामान्यज्ञान आणि आकड्यांची कोडी यांची अशी मोट बांधलेला कार्यक्रम टीव्हीवर लागला की घरातले निम्मे लोक म्हणतात, ‘हे आपलं काम नाही, इथे डोक्यात कॅल्क्युलेटर पाहिजे.’ उरलेले म्हणतात, ‘इथे जनरल नॉलेजची पुस्तकं पाठ पाहिजेत.’ माझ्या मते दोघंही चुकतात. वेग आणि पाठांतर उपयोगी पडतं, नाही असं नाही. पण या खेळात पुढे जाणारा माणूस बहुतेक वेळा शेवटाकडून सुरुवातीकडे येत असतो. कसा, ते पाहू.

आधी या आकड्यांच्या फेरीचं कूळ. फ्रेंच टीव्हीवर १९६५ मध्ये निव्वळ शब्दांचा एक खेळ सुरू झाला. १९७२ मध्ये त्यात आकडे आले आणि त्याचं नाव झालं ‘दे शिफ्र ए दे लेत्र’, म्हणजे आकडे आणि अक्षरं. ब्रिटनने तो ‘काउंटडाउन’ या नावाने उचलला. २ नोव्हेंबर १९८२ ला तिथे चॅनल फोर ही वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिच्यावर सगळ्यात पहिला कार्यक्रम लागला तो हाच. आपल्याकडे क्विझची परंपरा दुसऱ्या बाजूने आली. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं ‘क्विझ टाइम’ आलं, मग ३ जुलै २००० ला ‘कौन बनेगा करोडपती’. हा सगळा माहितीचा खेळ. त्यात आकडे होते ते पैशांचे, आणि त्या पैशांच्या आकड्यांतही एक कोडं होतं. त्याकडे शेवटी येतो.

काउंटडाउनमध्ये आकड्यांचे २४ पत्ते उलटे मांडलेले असतात. त्यातले २० छोटे, म्हणजे १ ते १० प्रत्येकी दोनदा. चार मोठे: २५, ५०, ७५ आणि १००. स्पर्धकाने फक्त एवढंच सांगायचं की मोठे किती हवेत आणि छोटे किती. एकूण सहा उचलले जातात, मग यंत्र एक तीन आकडी संख्या समोर टाकतं आणि घड्याळ सुरू. अपूर्णांक चालत नाही, मधल्या पायरीवर उणे संख्या चालत नाही, सगळे पत्ते वापरलेच पाहिजेत असं बंधन नाही. अचूक उत्तराला १० गुण, पाचच्या आत चुकलं तर ७, दहाच्या आत असेल तर ५; आणि गुण मिळतात ते दोघांत जवळ असेल त्यालाच. हा शेवटचा नियम फार कामाचा आहे. अचूक उत्तर येत नसेल तर हात टेकायचे नाहीत, जवळचं एक उत्तर आधी पदरात पाडून घ्यायचं.

आता ७२४. दिवाळीत अमळनेरहून भावाकडचे आले की जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून आम्ही पत्ते करतो, आणि लक्ष्य कुठल्या तरी खानदेशी आकड्याचं ठेवतो. हे कोडं तिथलंच. पुतणीने पत्ते पाहिले आणि लगेच १५ आणि ५० बाजूला काढले. गुणाकार ७५०. मग ६ × ४ = २४, त्यात ३ मिळवून २७, ते ७५० मधून वजा. ‘काका, ७२३ उनं! एकच कमी पडनं.’ भावाने दुसरी वाट धरली होती. ७ × ४ = २८, त्यातून ३ गेले २५, आणि ७५० वजा २५ म्हणजे ७२५. एक खाली, एक वर, दोघांना सात-सात गुण आणि मधलं ७२४ दोघांनाही वाकुल्या दाखवतंय.

इथे बहुतेकांचं घोडं पेंड खातं. आपण २७ ला थोडं ढकलायला जातो, २५ ला थोडं ओढायला जातो, आणि वेळ संपतो. त्याऐवजी प्रश्नच बदलायचा. ७५० वरून ७२४ ला यायचं तर २६ घालवायचे आहेत. हातात उरलेत ३, ४, ६ आणि ७. म्हणजे आता कोडं ७२४ चं राहिलंच नाही, ते फक्त २६ चं आहे. २६ कशाकशातून होतात? २४ आणि २. २० आणि ६. २८ वजा २. पहिलं घ्या: २४ झाले ६ × ४ मधून, मग उरलेल्या ३ आणि ७ मधून २ काढा. मिळतात ४, १० किंवा २१. दोन काही येत नाहीत, सोडा ती वाट. दुसरं: ६ बाजूला ठेवला, ३, ४, ७ मधून २० काढा. ३ × ४ + ७ करून १९ पर्यंत जाता येतं, वीस हुलकावणी देतात. तिसरं: २८ झाले ७ × ४ मधून, उरले ३ आणि ६, त्यातून २. सहाला तीनने भागा की!

१५ × ५० = ७५०
७ × ४ = २८, ६ ÷ ३ = २, २८ − २ = २६
७५० − २६ = ७२४

सहाच्या सहा पत्ते लागले. पुतणीला हे कुणी सांगावं लागलं नाही, २६ चा कागद वेगळा केल्यावर तिनेच ते काढलं.

यात सम-विषमाची एक झटपट तपासणीही आहे आणि टीव्हीवर खेळणारे तिचा सर्रास वापर करतात. आपल्याला हवेत २६, म्हणजे सम. हातातले ४ आणि ६ सम, ३ आणि ७ विषम. बेरीज-वजाबाकीत एकच विषम तुकडा सुटा पडला तर उत्तर विषमच येणार, तुम्ही कितीही उलटसुलट करा. २४ + ३ घ्या की २८ − ३ घ्या, दोन्हीकडे तो एकटा ३ आडवा आला. तेव्हा एक तर ३ आणि ७ दोघंही सुटे वापरायचे, नाहीतर त्यांना गुणाकार-भागाकाराच्या पोटात घालायचं. वरच्या उत्तरात नेमकं तेच झालंय: ७ गेला गुणाकारात, ३ गेला भागाकारात. एवढा विचार करायला दोन सेकंद लागतात आणि वाया जाणारे दहा वाचतात.

या फेरीतलं सगळ्यात गाजलेलं उत्तर १९९७ मध्ये जेम्स मार्टिन या स्पर्धकाने दिलं. पत्ते होते २५, ५०, ७५, १००, ३ आणि ६. लक्ष्य ९५२. त्याने सांगितलं: शंभर अधिक सहा, १०६. गुणिले ३, म्हणजे ३१८. गुणिले ७५, म्हणजे २३,८५०. त्यातून ५० वजा, २३,८००. भागिले २५, ९५२. लक्ष्य हजाराच्या आत आणि हा गडी तेवीस हजारांवर जाऊन परत आला, तेही ३० सेकंदांत. बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली.

पण हे उत्तर शेवटाकडून वाचलं की जादू उलगडते. ९५२ म्हणजे ९५४ वजा २. आणि ९५४ म्हणजे १०६ गुणिले ९. बस, एवढंच. १०६ मिळाले १०० आणि ६ मधून. ९ मिळवायचे तर ७५ ला २५ ने भागून ३, त्याला पत्त्यातल्या ३ ने गुणायचं. २ मिळवायचे तर ५० ला २५ ने भागायचं. अडचण एकच: २५ चा पत्ता एक आणि भागाकार दोन ठिकाणी. मग दोन्हीकडे वेगवेगळं भागण्याऐवजी भागाकार शेवटी ढकलायचा आणि सगळ्यांना मिळून एकदाच २५ ने भागायचं. म्हणून ते तेवीस हजार. त्याच्या डोक्यात नेमकं काय चाललं होतं हे तोच जाणे, पण उत्तराचा सांगाडा १०६ × ९ − २ असाच आहे. एक भाजक दोन जागी हवा असेल तर तो राखून ठेवून शेवटी वापरायचा, ही युक्ती हिशेबाच्या वहीत लिहून ठेवण्यासारखी आहे.

संगणकाला अशी युक्ती लागत नाही, तो सगळ्या वाटा चालून बघतो. नॉटिंगहॅम विद्यापीठाचे ग्रॅहम हटन यांनी २००२ च्या एका निबंधात हेच कोडं घेतलं होतं. पत्ते १, ३, ७, १०, २५, ५० आणि लक्ष्य ७६५. या सहा आकड्यांतून ३ कोटी ३६ लाखांहून जास्त मांडण्या होतात. त्यातल्या नियमात बसणाऱ्या साधारण ४६ लाख ७२ हजार, आणि ७६५ वर पोचणाऱ्या ७८०. म्हणजे उत्तर एक नसतं, शेकडो असतात. तरी माणसाला एक सापडता सापडत नाही, कारण तो या अफाट रानात पुढून शिरतो. मागून आलात तर ७६५ म्हणजे ५१ पंधरे, ५१ म्हणजे ५० + १ आणि १५ म्हणजे २५ − १०. संपलं.

उलट चालण्याच्या या रीतीला आपल्याकडे फार जुनं नाव आहे: विलोमविधी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त तो येतो. भास्कराचार्य शके १०३६ चे, म्हणजे ७८ मिळवून इसवी सन १११४ चे. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला आणि ‘लीलावती’ त्याचाच भाग. ते मूळचे नक्की कुठले यावर विद्वानांत वाद आहे. पण त्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला तो चाळीसगावजवळच्या पाटणला. तसा शिलालेख तिथे आहे आणि तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. पाटणादेवीला जाणारे बरेचसे लोक दर्शन घेतात, धबधबा बघतात आणि परत येतात. आकड्यांचं कोडं उलगडण्याचं रीतसर शिक्षण आठशे वर्षांपूर्वी आपल्याच गौताळ्याच्या डोंगराखाली चालत होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

‘लीलावती’तलं उदाहरण आजच्या कुठल्याही शोमध्ये जसंच्या तसं चालेल. एक संख्या घेतली. तिला ३ ने गुणलं. जे आलं त्यात त्याचाच पाऊण भाग मिळवला. ७ ने भागलं. जे आलं त्यातून त्याचाच एक तृतीयांश काढला. वर्ग केला. ५२ वजा केले. वर्गमूळ घेतलं. ८ मिळवले. १० ने भागलं. उरले २. तर मूळ संख्या कोणती?

पुढून गेलात तर बीजगणिताची समीकरणं मांडावी लागतील. भास्कराचार्य सांगतात, दिसतंय तिथून मागे फिरा आणि प्रत्येक क्रिया उलटी करा: भागाकार असेल तिथे गुणाकार, अधिक असेल तिथे उणे, मूळ असेल तिथे वर्ग. शेवटी २ आहेत. दहाने भागलं होतं, म्हणून गुणा: २०. आठ मिळवले होते, काढा: १२. मूळ घेतलं होतं, वर्ग करा: १४४. बावन्न काढले होते, परत द्या: १९६. वर्ग केला होता, मूळ घ्या: १४. आता जरा थांबा. एक तृतीयांश काढून १४ उरले, म्हणजे १४ हे दोन तृतीयांश आहेत; पूर्ण झाले २१. (इथे घाईत १४ मध्ये १४ चाच तृतीयांश मिळवणारे हमखास आपटतात.) सातने भागलं होतं, गुणा: १४७. पाऊण भाग मिळवून १४७ झाले, म्हणजे सात चतुर्थांश म्हणजे १४७, मूळ ८४. तीनने गुणलं होतं, भागा: २८. एकही समीकरण नाही, कुठे क्ष नाही.

आता सामान्यज्ञानाकडे. इथे उत्तर एकतर येतं किंवा येत नाही, असं वाटतं. उत्तर आकड्यात असेल तर तसं नसतं. ‘तापी किती किलोमीटर?’ असा प्रश्न आला आणि जवळच्या उत्तराला गुण असले, तर माहीत असलेल्या खुंटीवरून मागे यायचं. गोदावरी १,४६५ किलोमीटर हे शाळेत घोकलेलं असतं. ती त्र्यंबकेश्वराहून निघून जवळजवळ अख्खा देश ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. तापी बैतूलकडच्या मुलताईहून निघून सुरतेजवळ समुद्राला मिळते, म्हणजे नकाशावर साधारण निम्मं अंतर. निम्मे म्हणजे ७३२. खरं उत्तर ७२४. आठच किलोमीटरांचा फरक, तोही नकाशा नुसता डोळ्यांसमोर आणून.

सालांचंही तसंच. फैजपूर अधिवेशन कधी झालं हे आठवत नसेल तर दोन्ही बाजूंनी कोंडीत पकडा. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते आणि खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. प्रांतिक निवडणुकांची चर्चा तिथे होती, म्हणजे १९३५ च्या कायद्यानंतरचं. निवडणुका झाल्या १९३७ च्या सुरुवातीला, म्हणजे त्याआधीचं. मध्ये उरलं १९३६. डिसेंबर १९३६, अगदी बरोबर.

प्रश्न काढणाऱ्याचं काम मात्र याहून अवघड, असं माझं मत आहे. कोड्याचं उत्तर तपासता येतं, माहितीचं उत्तर कधी कधी पायाखालून सरकतं. अजिंठ्याची लेणी किती, हा वरवर सरळ प्रश्न. कुणी २९ मोजतो, कुणी ३०, आणि स्टेजवर भांडण. धुळे जिल्ह्याचे तालुके जुन्या पुस्तकात १० सापडतील, कारण नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. जळगावचे १५ हे बोदवड आणि धरणगाव धरून. आणि मिश्र खेळात माहितीचा एक आकडा चुकला की पुढचं सगळं कोडं कोसळतं. धुळ्याचे ४ ऐवजी १० धरून ७२४ काढायला बसणारा माणूस गणितात पक्का असूनही अडकू शकतो. म्हणून नीट बांधलेल्या कार्यक्रमात आधी माहितीची उत्तरं पक्की जाहीर करतात आणि मगच पत्ते मांडतात.

आता ते पैशांचं कोडं. समजा तुमच्याकडे ६ लाख ४० हजार जमा आहेत. पुढचं उत्तर बरोबर आलं तर १२ लाख ५० हजार, चुकलं तर घसरून ३ लाख २० हजार. चार पर्याय, आणि तुम्हाला ओ की ठो माहीत नाही. खेळावं की सोडावं? अंधारात दगड मारला तर चारात एकदा लागणार. सरासरी काढा: साडेबारा लाखांचा पाव भाग ३.१२५ लाख, ३.२० लाखांचा पाऊण भाग २.४० लाख, बेरीज ५ लाख ५२ हजार ५००. हातातल्या ६.४० पेक्षा कमी, म्हणून सोडा. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं तर तीनात एक. सरासरी सुमारे ६ लाख ३० हजार, अजूनही थोडी कमीच. फिफ्टी-फिफ्टीने दोन पर्याय उडाले की सरासरी ७ लाख ८५ हजार, आणि पारडं फिरतं. हा हिशेबही मागूनच करता येतो: ३.२० वरून ६.४० ला यायला ३.२० लागतात, ३.२० वरून १२.५० ला जायला ९.३० लागतात. ३.२० भागिले ९.३० म्हणजे सुमारे ३४ टक्के. उत्तराबद्दल तेवढी खात्री असेल तर हिशेब खेळा म्हणतो, नसेल तर उठा म्हणतो.

मात्र सरासरी हा शंभर वेळा खेळणाऱ्याचा हिशेब आहे. हॉट सीटवर माणूस बहुतेक आयुष्यात एकदाच बसतो. बोंडअळीने कापूस गेलेल्या आणि सोसायटीचं कर्ज डोक्यावर असलेल्या शेतकऱ्याने दोन पर्याय उरलेले असतानाही ६ लाख ४० हजार घेऊन नमस्कार केला, तर घरी सोफ्यावर बसून त्याला भित्रा म्हणणाऱ्यांना गणित कळलेलं नाही. त्याच्यासाठी पहिल्या तीन लाखांची किंमत आणि वरच्या सहा लाखांची किंमत सारखी नसते.

सराव करायचा असेल तर तेच सहा पत्ते घ्या: ३, ४, ६, ७, १५, ५०. बहिणाबाई चौधरींचा जन्म असोद्याला १८८० मध्ये झाला. त्यातलं १ सोडा, लक्ष्य ८८०. पहिली पायरी वरचीच चालेल, ७५०. उरलेल्या १३० चा कागद वेगळा करा, चारही पत्ते लागतात. सम-विषम आधी बघा.